हेवी लायसन्सच्या ट्रेनिंगआधीची कागदपत्रं: कोणत्या क्रमाने लावायची आणि चूक कुठे होते

ट्रक शिकायला निघालेली बहुतेक माणसं आधी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पैसे भरतात आणि मग कागद गोळा करायला लागतात. हा क्रमच उलटा आहे. फी भरून झाल्यावर कळतं की लायसन्सवर फक्त मोटारसायकलची नोंद आहे, आधारवरचं नाव वेगळं आहे, किंवा जुनं पुस्तकी लायसन्स ऑनलाइन सापडतच नाही. स्कूलवाले पैसे परत देत नाहीत आणि आरटीओ अर्ज पुढे सरकवत नाही.

खालचे टप्पे महाराष्ट्रात हेवी लायसन्स काढणाऱ्यांसाठी आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ देशभर एकच असल्याने मूळ अटी इतर राज्यांतही याच लागतात. कार्यालयाच्या कामाची पद्धत तेवढी बदलते. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

## टप्पा १: हेवी लागतंच का, आणि आत्ता मिळेल का

पहिला प्रश्न गाडीच्या वजनाचा. जी गाडी चालवायची आहे तिच्या आरसीवर ग्रॉस वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळूनचं वजन, बघा. ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनात, म्हणजे एलएमव्हीत मोडते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं आहे की साधं एलएमव्ही लायसन्स असणारा माणूस या वजनापर्यंतचं मालवाहू वाहनही चालवू शकतो, त्यासाठी वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही. तेव्हा लहान टेम्पोच चालवायचा असेल तर या सगळ्या खटाटोपाची गरज नाही. ७,५०० ते १२,००० किलोची गाडी मध्यम आणि १२,००० च्या वरची जड. या दोन्हींसाठी लायसन्सवर ट्रान्सपोर्ट वाहनाची नोंद हवी. बोलताना सगळे ‘हेवी’ म्हणतात, कार्डावर मात्र ‘ट्रान्स’ असं छापून येतं.

त्यानंतर दोन अटी, आणि दोन्हींत सूट नाही.

वय २० पूर्ण हवं. १८ व्या वर्षी कारचं लायसन्स मिळतं म्हणून हेवीही मिळेल असं धरून बरेच जण येतात. तसं होत नाही.

दुसरी अट: एलएमव्ही लायसन्स मिळून किमान एक वर्ष झालेलं हवं. हे वर्ष हेवीच्या टेस्टच्या दिवशी नव्हे, तर हेवीचं लर्निंग काढतानाच पूर्ण झालेलं लागतं. कायद्याचं कलम ७ तेच सांगतं. “तीन-चार महिने कमी आहेत, तोवर ट्रेनिंग उरकून घेऊ” हा हिशेब इथेच फसतो. लर्निंग नाही म्हणजे ट्रक रस्त्यावर चालवता येत नाही, मग ट्रेनिंग कशाचं?

हे वर्ष कुठून मोजायचं? लायसन्सच्या पहिल्या तारखेपासून नाही. कार्डावर प्रत्येक वाहनप्रकारासमोर त्याची स्वतंत्र तारीख असते. २०१९ मध्ये मोटारसायकलचं लायसन्स काढलं आणि कार त्यावर मागच्या वर्षी चढवली, तर मोजणी मागच्या वर्षापासून. कारच्या लर्निंगचे दिवसही यात धरत नाहीत.

शिक्षणाबद्दल एक जुना समज अजून फिरतो, की आठवी पास असल्याशिवाय हेवी मिळत नाही. ती अट २०१९ मध्ये काढून टाकली आहे. शाळेचा दाखला अजूनही कामाला येतो, पण जन्मतारखेचा पुरावा म्हणून.

तपासणी: कार्ड हातात घ्या. एलएमव्हीसमोरची तारीख आणि आजची तारीख यांत पूर्ण १२ महिन्यांचं अंतर आहे का? नसेल तर कॅलेंडरवर तारीख लिहा आणि तोपर्यंत टप्पा २ ते ४ उरकून घ्या. त्यांना वेळ लागतोच.

## टप्पा २: सारथीवर तुमचं लायसन्स दिसतं का

पुढचे सगळे अर्ज ‘सारथी’ या सरकारी पोर्टलवरून जातात. तिथे लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकून आपली नोंद उघडते का, हे आधी बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते वगळणारे सर्वांत जास्त अडकतात.

नोंद उघडली तर चार गोष्टी वाचा: नाव, जन्मतारीख, वाहनप्रकार आणि लायसन्स चालू आहे की नाही. निलंबनाचा शेरा असेल तर आधी तो निस्तरावा लागेल. लायसन्सची मुदत संपली असेल तर आधी नूतनीकरण. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदत संपून एक वर्षापेक्षा जास्त काळ उलटला असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. त्यामुळे हेवीच्या नादात एलएमव्हीची तारीख टळू देऊ नका.

नोंद उघडलीच नाही तर बहुधा तीनपैकी एक कारण असतं:

- नंबर चुकीच्या पद्धतीने टाकला आहे. आताच्या नंबरात राज्याची दोन अक्षरं, आरटीओचे दोन अंक, वर्षाचे चार अंक आणि मग सात आकडी क्रमांक असतो. क्रमांक लहान असेल तर पुढे शून्यं लावून सात आकडे करावे लागतात.
- लायसन्स जुन्या पुस्तकाच्या स्वरूपात आहे आणि त्याची माहिती संगणकावर चढलेलीच नाही. यासाठी ज्या आरटीओने लायसन्स दिलं तिथेच ‘बॅकलॉग एन्ट्री’ करून घ्यावी लागते. मूळ पुस्तक सोबत न्या.
- चढवताना जन्मतारीख किंवा वर्ष चुकलं आहे. पुस्तकात एक, पोर्टलवर दुसरं. याची दुरुस्तीही मूळ आरटीओतच होते.

दुसऱ्या राज्यात काढलेलं लायसन्स असेल तर वेगळा दाखला मागायला धावू नका. आधी ते सारथीवर उघडतं का आणि त्यावर कोणता पत्ता आहे ते बघा. उघडत असेल तर बरंच काम पोर्टलवरूनच होतं.

सावधान: “बॅकलॉग आमच्याकडे होतो, दुसऱ्या आरटीओचाही करून देतो” असं कुणी म्हणालं तर पुस्तक त्याच्या हातात देऊ नका. मूळ पुस्तक हरवलं तर बॅकलॉगही अवघड होतो आणि दुय्यम प्रतही.

## टप्पा ३: नाव, जन्मतारीख आणि पत्ता एकाच रेषेत आणा

सगळ्यात जास्त अर्ज याच टप्प्यावर परत येतात, म्हणून इथे घाई नको.

आधार, लायसन्स आणि शाळा सोडल्याचा दाखला (किंवा जन्म प्रमाणपत्र) असे तीन कागद शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर एका कोऱ्या कागदावर उतरवून काढा. डोळ्यांनी नुसतं वाचलं तर फरक सुटतो, लिहिलं की दिसतो. नेहमी सापडणारे फरक असे:

- दाखल्यावर ‘दत्तात्रय’, आधारवर ‘दत्ता’. किंवा ‘बाळासाहेब’ आणि ‘बाळू’.
- एका ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. वडिलांचं नाव एकात आहे, दुसऱ्यात गायब.
- रोमन लिपीतल्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्त. मराठीत नाव तेच दिसतं, पण संगणक रोमन स्पेलिंगच जुळवतो.
- लग्नानंतर बदललेलं नाव फक्त आधारवर आलं, लायसन्सवर माहेरचंच राहिलं.

जन्मतारखेचं दुखणं वेगळं. गावाकडे शाळेत नाव घालताना अनेकांची तारीख सरसकट १ जून लावलेली असते. आधार काढताना घरच्यांनी खरी तारीख सांगितली, की दोन कागदांवर दोन तारखा झाल्या. काही आधार कार्डांवर तर नुसतं वर्ष असतं, आणि अशी नोंद लायसन्सच्या पूर्ण तारखेशी जुळत नाही.

दुरुस्ती करताना एकच कागद बदला, आणि तोही चुकीचा असलेला. दोन्हीकडे एकदम अर्ज टाकले तर एका जागी नवीन तारीख आणि दुसऱ्या जागी जुनी असं उलटंपालटं होऊन बसतं. जन्मतारखेसाठी जन्म प्रमाणपत्र किंवा शाळेचा दाखला पाया माना आणि त्याच्याशी जे जुळत नाही ते बदला. आधारमध्ये जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं, हे ध्यानात ठेवून अर्ज भरा. तिथली संधी घाईत वाया गेली की पुढचा मार्ग लांबलचक आहे.

नाव खरोखरच बदललं असेल (टोपणनाव नव्हे, पूर्ण नाव), तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात देऊन तिची प्रत जोडणं हा भक्कम मार्ग. लग्नामुळे बदललेल्या नावाला विवाह प्रमाणपत्र लावा. नुसत्या नोटरीच्या प्रतिज्ञापत्रावर कुठे काम होतं, कुठे होत नाही. त्याच्या भरवशावर ट्रेनिंगची तारीख ठरवू नका.

पत्त्याचं काम त्या मानाने सोपं. भाड्याने राहत असाल तर आधारवरचा पत्ता आधी बदलून घ्या, ते ऑनलाइन होतं. अर्ज तुम्ही राहता त्या राज्यात किंवा स्कूल ज्या राज्यात आहे तिथे करता येतो. त्यामुळे नुसत्या ट्रेनिंगपुरतं दुसऱ्या जिल्ह्यात राहणाऱ्याने पत्ता बदललाच पाहिजे असं नाही.

तपासणी: तुमच्या कोऱ्या कागदावर तीन ओळी आहेत. त्यांत नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख सारखी आहे? मग पुढे चला. एकही अक्षर वेगळं असेल तर इथेच थांबा.

## टप्पा ४: मोबाइल नंबर तुमचाच हवा

छोटा टप्पा, पण डोकेदुखी मोठी. आधारला जोडलेला नंबर चालू आहे का ते बघा. ओटीपी त्याच नंबरवर येतो. नंबर बंद असेल तर आधार केंद्रावर जाऊन नवा जोडा. त्यासाठी तिथे बोटांचे ठसे किंवा डोळे तपासले जातात.

मग सारथीवर लायसन्सच्या नोंदीत कोणता नंबर आहे तेही पाहा. कारचं लायसन्स एजंटकडून काढलं असेल तर तिथे बऱ्याचदा एजंटचाच नंबर असतो. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही, हेवीचा अर्ज टाकला की ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर जातो. नंबर बदलण्याची सोय पोर्टलवर आहे, ती आत्ताच वापरा.

सावधान: स्कूलच्या ऑफिसमध्ये बसून अर्ज भरत असलात तरी नंबर तुमचाच द्या. अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख यांवरून अर्जाची स्थिती तुम्हाला स्वतःला बघता आली पाहिजे.

## टप्पा ५: स्कूल निवडा, पैसे अजून भरू नका

स्कूलचेही कागद असतात आणि ते तपासण्याचा हक्क तुम्हाला आहे. ड्रायव्हिंग स्कूलला फॉर्म ११ मध्ये परवाना मिळतो. तो ऑफिसात दर्शनी भागात लावलेला हवा आणि त्याची मुदत पाच वर्षांची असते. तिथे उभं राहून तीन गोष्टी वाचा: मुदत संपलेली नाही ना, परवान्यावर जड वाहनाचं प्रशिक्षण लिहिलं आहे का, आणि पत्ता याच जागेचा आहे का. कारचा परवाना असलेली स्कूल हेवीचे विद्यार्थी घेते आणि शेवटी सर्टिफिकेट दुसऱ्याच स्कूलच्या नावाने आणून देते, असे प्रकार होतात. असं सर्टिफिकेट रजिस्टरशी ताडून पाहिलं की उघडं पडतं आणि भोगावं तुम्हाला लागतं.

आता गाडीकडे चला. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक आहेत का? आरसी, विमा, फिटनेस आणि पीयूसी चालू आहेत का? टेस्टच्या दिवशी हीच गाडी आरटीओत उभी राहणार असते. तिचा फिटनेस संपलेला निघाला तर तुमची तारीख गेली, मग तुम्ही कितीही चांगली चालवत असा.

स्कूलचे दोन प्रकार आहेत, त्यातला फरक फी विचारण्याआधी समजून घ्या. साधी परवानाधारक स्कूल फॉर्म ५ मध्ये सर्टिफिकेट देते, त्यानंतर आरटीओत टेस्ट द्यावी लागते. जड वाहनासाठी साध्या स्कूलचं प्रशिक्षण किमान ३० दिवसांचं आणि प्रत्यक्ष चालवणं किमान १५ तास, असं नियम ३१ मध्ये आहे. दुसरी म्हणजे मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रं, ज्यांचे नियम १ जुलै २०२१ पासून लागू झाले. तिथला जड वाहनाचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे आणि तिथून पास झालेल्याला आरटीओच्या ड्रायव्हिंग टेस्टमधून सूट मिळते. कोणतीही स्कूल “आमच्याकडे टेस्ट द्यावी लागत नाही” म्हणाली तर ती या दुसऱ्या प्रकारची आहे का, एवढं एकच विचारा आणि मान्यतेचा कागद बघा. नसेल तर ते बोलणं वेगळ्याच व्यवहाराचं आहे.

फीबद्दल लेखी घ्या: एकूण किती तास, सरकारी फी धरून की सोडून, टेस्टला गाडी नेण्याचे वेगळे पैसे आहेत का, नापास झाल्यास दुसऱ्या वेळी किती. आणि मूळ लायसन्स कुणाकडेही ठेवायला देऊ नका. त्यांना झेरॉक्स पुरते.

## टप्पा ६: फॉर्म १-ए, म्हणजे मेडिकल

ट्रान्सपोर्टसाठी कोणत्याही वयात डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. कार शिकताना तरुणांना फक्त फॉर्म १ मध्ये स्वतःच्या तब्येतीची घोषणा करावी लागते, त्यामुळे हेवीलाही तेवढंच पुरेल असं वाटतं. इथे फॉर्म १ आणि १-ए दोन्ही लागतात.

फॉर्म १-ए मध्ये डॉक्टर काय तपासतात हे आधी माहीत असलं की तयारी करता येते. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, हॉर्नसारखे नेहमीचे आवाज ऐकू येतात का, हातापायात असा काही दोष आहे का ज्याने गाडी चालवायला अडचण येईल. चष्म्याने दोष भरून निघत असेल तर तशी नोंद होते आणि ती असावी. चष्मा लावून नंबर वाचायचा आणि फॉर्मवर “दोष नाही” लिहून घ्यायचं, हा शहाणपणा नको. पुढे अपघाताच्या दाव्यात हाच कागद बाहेर येतो. फिट येणं किंवा अचानक शुद्ध हरपणं याबद्दल फॉर्म १ मध्ये थेट प्रश्न आहे. तिथे खोटं लिहून सही केली तर जबाबदार तुम्हीच.

डॉक्टरकडे जाताना चष्मा, आधारची प्रत आणि फोटो न्या. रक्तगट माहीत नसेल तर तपासून घ्या, फॉर्मवर त्याची जागा आहे. तुमची सही डॉक्टरांसमोरच करा. एमबीबीएस डॉक्टर निवडला तर हरकत निघण्याची शक्यता कमी. काही ठिकाणी हे प्रमाणपत्र डॉक्टरच आपल्या लॉगिनमधून सारथीवर चढवतात. तुमच्या आरटीओत कोणती पद्धत चालते ते आधी विचारा, नाहीतर कागदावरच्या प्रमाणपत्राचे पैसे वाया जातात.

तपासणी: कागदावरचा फॉर्म हातात आला की दवाखान्याच्या दारातच बघा. डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का, तारीख आणि फोटोवर अर्धा आलेला शिक्का. यातलं एक जरी राहिलं तरी परत यावं लागतं, आणि परत येताना डॉक्टर जागेवर सापडतीलच असं नाही.

मेडिकल फार आधी काढून ठेवू नका. टप्पा २ ते ४ पूर्ण झाल्यावर, अर्ज भरण्याच्या आठवड्यात काढलेलं उत्तम.

## टप्पा ७: स्कॅन आणि फाइल

मोबाइलने कागदाचा तिरका फोटो काढून चढवला की अर्ज ‘अस्पष्ट’ म्हणून परत येतो. झेरॉक्सच्या दुकानात सपाट स्कॅन करून घ्या. फोटो आणि सही या दोन फाइल अगदी लहान, साधारण २० केबीच्या आत लागतात. बाकी कागदांची मर्यादा अपलोडच्या चौकटीशेजारी लिहिलेली असते. सही पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने करा आणि लायसन्सवर आहे तशीच करा. नवीन वळणदार सहीचा प्रयोग इथे नको.

फाइलमध्ये हे ठेवा:

1. मूळ लायसन्स आणि पुढची-मागची दोन्ही बाजू दिसणारी प्रत
2. आधार
3. जन्मतारखेचा पुरावा
4. पासपोर्ट आकाराचे सहा फोटो, एकाच वेळी काढलेले
5. फॉर्म १-ए
6. टप्पा ३ मध्ये काही दुरुस्ती केली असेल तर राजपत्राची किंवा विवाह प्रमाणपत्राची प्रत
7. आतापर्यंतच्या सगळ्या पावत्या

प्रत्येक झेरॉक्सवर स्वतः सही करा आणि सहीखाली ‘हेवी लायसन्सच्या अर्जासाठी’ असं लिहा. आधारची प्रत दहा ठिकाणी फिरते, एवढी काळजी बरी.

## टप्पा ८: हेवीचं लर्निंग

सारथीवर लर्निंगचा अर्ज उघडल्यावर “आधीच लायसन्स आहे” हा पर्याय निवडून तुमचा लायसन्स नंबर टाका. हा पर्याय सोडून नवीन अर्जदार म्हणून अर्ज भरणं ही ठरलेली चूक. मग तुमची एलएमव्हीची नोंद अर्जाला जोडलीच जात नाही आणि एक वर्षाची अट पूर्ण दिसत नाही.

वाहनप्रकार निवडताना यादीत सारखी वाटणारी नावं असतात. ट्रान्सपोर्ट वाहनाचा प्रकार निवडा आणि सबमिट करण्याआधी स्कूलला विचारून खात्री करा की टेस्टला ते जी गाडी आणणार आहेत ती याच प्रकारात बसते. सबमिट झाल्यावर प्रकार बदलायचा म्हणजे बऱ्याचदा अर्ज रद्द करून नव्याने भरणं.

केंद्रीय नियमांप्रमाणे लर्निंगची फी प्रत्येक वाहनप्रकाराला १५० रुपये आणि चाचणी असल्यास तिचे ५० रुपये. त्यावर सेवा शुल्क वगैरे वेगळं. हजारो रुपये ‘लर्निंगची सरकारी फी’ म्हणून सांगितले गेले तर पावती मागा.

लर्निंग सहा महिने चालतं. पक्क्या लायसन्सची टेस्ट लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवसांनंतरच देता येते. म्हणजे मधली खिडकी पाच महिन्यांची. त्यात ३० दिवसांचं ट्रेनिंग, टेस्टची तारीख मिळणं आणि एकदा नापास होण्याची शक्यता, हे सगळं बसवायचं आहे. म्हणून लर्निंग हातात आल्यावर लगेच ट्रेनिंग सुरू करा. सुगी किंवा लग्नसराई उरकून येऊ म्हणणाऱ्यांचं लर्निंग घरीच संपतं.

सावधान: लर्निंगच्या तारखेआधी स्टेअरिंगला हात लावू नका, स्कूलने “चालतं” म्हटलं तरी. लर्निंग असतानाही शेजारी त्या वाहनाचं लायसन्स असलेला प्रशिक्षक हवा आणि गाडीला पुढेमागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ची पाटी हवी.

## टप्पा ९: आता फी भरा आणि रजिस्टरवर लक्ष ठेवा

लर्निंगची प्रिंट हातात आहे, आता प्रवेश घ्या. स्कूलमध्ये प्रवेशाची नोंद फॉर्म १४ च्या रजिस्टरमध्ये होते आणि रोज किती चालवलं याची नोंद फॉर्म १५ मध्ये. ही दोन रजिस्टरं म्हणजे तुमच्या सर्टिफिकेटचा पाया.

प्रवेशाच्या दिवशी फॉर्म १४ मधलं आपलं नाव स्वतः वाचा. स्पेलिंग लर्निंगप्रमाणेच आहे का बघा आणि अनुक्रमांक वहीत टिपून ठेवा, कारण फॉर्म ५ वर हाच अनुक्रमांक येतो. फॉर्म १५ वर रोजच्या रोज सही करा. आठवड्याच्या सह्या एकदम घेतल्या जात असतील तर तास कुठे जातात हे तुम्हाला कधीच कळणार नाही. स्वतःची वही ठेवा: तारीख, सुरू, बंद, मिनिटं. चौघे जण एका ट्रकमध्ये बसून तासभर फिरले तर तुमच्या वाट्याला पंधरा मिनिटं आली, एक तास नव्हे.

ट्रेनिंग संपल्यावर फॉर्म ५ घेताना त्यावरच्या तारखा लर्निंगशेजारी ठेवून वाचा. प्रवेशाची तारीख लर्निंगच्या आधीची नको. प्रशिक्षणाचा काळ ३० दिवसांपेक्षा कमी नको. वाहनाचा प्रकार जड वाहनाचाच लिहिलेला हवा. वडिलांचं नाव आणि पत्ता लर्निंगप्रमाणे हवा. एखादी तारीख खाडाखोड करून दुरुस्त केली असेल तर नवीन सर्टिफिकेट मागा, खाडाखोडीचा कागद टेबलावर टिकत नाही.

त्यानंतर सारथीवर लायसन्सच्या सेवांमध्ये ‘नवीन वाहनप्रकार वाढवणे’ हा अर्ज करायचा, नवीन लायसन्सचा नाही. ट्रान्सपोर्टची नोंद पाच वर्षांसाठी मिळते, तर कारची मुदत तुमच्या वयाप्रमाणे वेगळी चालते. त्यामुळे नवीन कार्डावर मुदतीच्या दोन तारखा दिसतील, आणि मालक बघणार ती ट्रान्सपोर्टची.

## टँकरवर जायचं असेल तर

पेट्रोल, गॅस, रसायनं अशा धोकादायक मालासाठी हेवी पुरत नाही. नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते आणि ही नोंद तीन वर्षं चालते. यासाठी इंग्रजी आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा लिहिता-वाचता येणं ही अटही आहे, म्हणून आठवीची अट गेली तरी शाळेचा दाखला फाइलमध्ये राहू द्या. हेवीच्या ट्रेनिंगबरोबरच हेही उरकून देतो असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका. आधी ट्रान्सपोर्टची नोंद कार्डावर छापून येऊ द्या, मग त्या तीन दिवसांच्या वर्गाची चौकशी करा.